ग्रंथपालांची भिशी

माझ्या नातीला वाटतं, तिची आजी म्हणजे फार प्रामाणिक बाई. वाटू दे. तिच्या आईला सांगून ठेवलंय, नात दहावी पास झाल्याशिवाय हे लिखाण तिच्या हाती पडू द्यायचं नाही.

बोईसरजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. शाळेत गणिताच्या बाई तीन असतात, मराठीच्या चार, शिपाईसुद्धा दोन. ग्रंथपाल मात्र एकच. गणिताच्या एका बाईचं चुकलं तर दुसरी हळूच खुणावते. माझं बरोबर की चूक, हे सांगणारं त्या अख्ख्या इमारतीत कोणी नव्हतं. त्यामुळे सव्वीस वर्षं माझं सगळं बरोबरच होतं.

बरोबर म्हणजे कसं, तेही सांगते. एक खोली. निम्म्या खोलीत खेळाच्या बाईंची लेझीम, भाले आणि हवा गेलेले फुटबॉल. उरलेल्या निम्म्यात माझी पाच लोखंडी कपाटं आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर. दरवर्षी मोजणी व्हायची आणि एकही पुस्तक गहाळ निघायचं नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी शेरा दिला होता, ‘ग्रंथसंपदा उत्तम स्थितीत’. त्याची झेरॉक्स मी टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली होती. ती इतक्या चांगल्या स्थितीत का आहे, ते साहेबांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मुलं दाराशी यायची, मी चष्म्यावरून बघायचे, मुलं निघून जायची. याला मी शिस्त म्हणत असे.

ग्रंथपालाला कामच काय, असं स्टाफरूमचं मत होतं. कोणी रजेवर असलं की तास मला, शिष्यवृत्तीचे फॉर्म मला, पोषण आहाराच्या खिचडीवर लक्ष मला. मी मनातल्या मनात धुमसायचे. त्या धुमसण्यात एकदा तरी कपाट उघडावं, हे मात्र सुचलं नाही.

मग एकदा मुख्याध्यापकांनी बोलावलं. “मॅडम, पालघरला मोठं प्रशिक्षण आहे. तुम्ही जा.” इतक्या वर्षांत मला कोणी काही शिकायला पाठवत होतं ते पहिल्यांदा. मी इस्त्रीची साडी नेसले, नवी वही घेतली, शेअर रिक्षात कडेची जागा धरून पालघर गाठलं. प्रशिक्षण होतं शिक्षकांचं. मला हॉलच्या बाहेर टेबलावर बसवलं. समोर हजेरीचे कागद आणि चहाची कुपनं. टेबलावर आधीच सहा जण कुपनं फाडत होते.

“तुमचा विषय कोणता?” शेजारच्या थोराड बाईंनी विचारलं.

“ग्रंथपाल.”

“मी पण,” त्या म्हणाल्या.

“मी पण,” पलीकडून एक सर म्हणाले.

सातही जण ग्रंथपाल निघालो. इतक्या शाळांच्या मुख्याध्यापकांना एकाच वेळी एकच कल्पना सुचली होती.

आत शिक्षक शिकत होते आणि बाहेर आम्ही. कपाटाला वाळवी लागली तर काय करता, सुटलेली पानं कशाने चिकटवता, कीड लागू नये म्हणून मैद्याच्या खळीत मोरचूद घालता का? सव्वीस वर्षांत माझ्याशी हे कोणी बोललं नव्हतं. घरी नवऱ्यापाशी वाळवीचा विषय काढला, तर तो दाराच्या चौकटी तपासायला उठायचा. त्या दिवशी दुपारी चारला प्रशिक्षण संपलं आणि आम्हाला उठवेना.

त्या थोराड बाई पालघरच्या एका शाळेतल्या, आम्हा सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांना आम्ही पुढे थोरल्या बाईच म्हणू लागलो. त्या म्हणाल्या, “आपल्याला कोणी शिकवणार नाही. आपण भिशी लावू. पैशांची नाही, ग्रंथालयांची. महिन्यातून एका शनिवारी, अर्धी शाळा सुटली की जमायचं. चिठ्ठी निघेल त्याच्या ग्रंथालयात. त्याने सगळं दाखवायचं, बाकीच्यांनी बघायचं आणि निघताना त्याला एक गृहपाठ द्यायचा.”

पहिली चिठ्ठी निघाली दांडीकडच्या शाळेतल्या धाकटीची. तिशीची पोरगी, नोकरीला चारच वर्षं झालेली. तिच्या खोलीला कपाटंच नव्हती, नुसत्या फळ्या. पुस्तकांची कव्हरं गेलेली, कोपरे कुरतडलेले. शाळा सुटली तरी मुलं जिन्यावर पुस्तकं घेऊन बसली होती, घरी जा म्हटलं तरी हलत नव्हती. सगळे कौतुक करायला लागले. माझ्या तोंडातून बाहेर पडलं, “आमच्याकडे तर मधल्या सुट्टीत रांग आवरत नाही.”

एवढंच. पण थाप एकदा मारली की तिला खाऊपिऊ घालावं लागतं. पुढच्या महिन्यात कोणीतरी विचारलं, रांग कशी आवरता? मी सांगितलं, इयत्तेवार रंगीत बिल्ले करते. लाल बिल्ला सोमवारी, हिरवा मंगळवारी. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. त्याच्या पुढच्या महिन्यात सालवडकडच्या शाळेतले सर आनंदाने सांगत आले, “मॅडम, तुमचे बिल्ले लागू पडले. मस्त चाललंय.” माझी थाप त्यांच्या शाळेत खरी होऊन बसली होती आणि माझ्या शाळेत लेझीम गंजत होती.

दोनदा माझी चिठ्ठी निघाली. एकदा मी इमारतीला रंग चालू आहे म्हटलं, एकदा घटक चाचणी. पण सात जणांच्या भिशीत लपून लपून किती लपणार? सातव्या महिन्यात माझ्याखेरीज कोणी उरलंच नाही.

आता त्या बाईने, म्हणजे मी, काय केलं असेल? शहाण्या माणसाने फोन करून सांगितलं असतं, बायांनो, मी खोटं बोलले. पण मला ती माणसं गमवायची नव्हती. महिन्यातला तो एक शनिवार सोडला तर माझ्या कामाची भाषा कळणारं मला कोणी नव्हतं. मी खोटारडी आहे असं कळलं तर पुढच्या शनिवारी मला कोण बोलावणार होतं?

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक नेलं की तीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा. माझ्या चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत होत्या. तेव्हा मी दार लोटून बसले आणि शिक्के मारायला घेतले. शिक्क्याची चाकं फिरवायची, तारीख बदलायची, मारायचा. मार्च, जुलै, नोव्हेंबर. एका पुस्तकावर सहा, एकावर नऊ. खरं वाटावं म्हणून एखादा तिरका. आठवडाभर रोज दोन तास. इतकी मेहनत मी नोकरीत दुसऱ्या कशावर घेतल्याचं आठवत नाही.

आमचे शिपाईमामा किनाऱ्यावरच्या गावातले. चहा घेऊन आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

“बाई, एवढी पुस्तकं कोन नेतंय?”

“मुलं.”

“मी तर हितंच उभा अस्तो. मला कोन दिसला नाय.”

“तुमचं लक्ष नसतं.”

“हां,” मामा म्हणाले, “आसंल बाबा. आता डोल्यांचा नंबर काडून घेतो.”

शनिवार उजाडला. मी तांदळाचे वडे केले, कपाटांची दारं सताड उघडी टाकली, किल्ल्यांचा जुडगा खणात लपवला. मंडळी आली, वडे खाल्ले, खोली बघितली. थोरल्या बाईंनी एक पुस्तक काढलं आणि सरळ शेवटचं पान उघडलं. कव्हर नाही, चित्रं नाही, थेट शेवटचं पान. ग्रंथपालच तो. मी मनात म्हटलं, बघा, बघा.

त्यांनी बघितलं. दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. मग मोबाईल काढून त्यात काहीतरी बघत बसल्या. कॅलेंडर होतं ते.

“बाई,” त्यांनी शांतपणे विचारलं, “तुमची शाळा रविवारीपण असते?”

“जादा तास असतात,” मी म्हटलं.

“लक्ष्मीपूजनाला?”

धाकटीच्या हातात नवं कोरं पुस्तक होतं. ती बिचारी मनापासून गोंधळली होती. “मॅडम, हे तर ह्या जूनमध्ये दाखल झालंय. मग मागच्या जानेवारीत कोणी नेलं?”

“कोणीच नाही नेलं,” मी म्हणाले. “ते नाही आणि हेही नाही. कपाटं मुलांसाठी म्हणून मी आजच उघडली. रांगबिंग काही नाही.”

सालवडच्या सरांना वड्याचा ठसका लागला. आधी मला वाटलं, खरंच ठसका आहे; मग कळलं, ते हसतायत. पाणी दिलं तर पाण्यालाही हसले. “आणि माझे बिल्ले?” एवढंच ते कसंबसं म्हणू शकले. दोघीतिघी हसल्या, दोघीतिघींनी खाली बघितलं. थोरल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझी दाखल नोंदवही मागितली, पानं उलटली.

“हा शेवटचा रकाना कशाचा?”

“गहाळ आणि बाद पुस्तकांचा.”

“सव्वीस वर्षं कोरा. शिक्क्यांचं मला काही वाटलं नाही, ह्याचं वाटलं.” वही मिटून त्या म्हणाल्या, “तुमचा गृहपाठ. पुढच्या महिन्याच्या भिशीपर्यंत दहा पुस्तकं हरवून दाखवा.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. त्यांनी पिशवी उचलली आणि सगळे गेले.

पुढचे दोन दिवस आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर आलं नाही. मी धरून चालले, मला वगळून दुसरा ग्रुप निघाला. भाकरी थापताना मोबाईल चुलीशेजारी ठेवला होता. पीठ लागलेल्या बोटाने तो इतक्यांदा चाळला की चार्जिंगच्या भोकात पीठ गेलं. तिसऱ्या दिवशी थोरल्या बाईंचा फोन आला. मी छातीवर हात ठेवून उचलला.

“तुमच्या वाडीत कोनफळं आहेत ना? नवी फेरी माझ्याकडून सुरू करतोय, भिशीला येताना आणा. आणि हरवली का काही?”

“अजून नाही,” मी म्हटलं. यायचं होतं, म्हणजे बोलावलं होतं. तेवढं मला पुरलं. मी कामाला लागले.

पुस्तकं हरवणं हे पुस्तकं जपण्यापेक्षा फार अवघड काम आहे. मी दारात उभी राहून मुलांना हाका मारायला लागले, तर मुलं वाट बदलून जायला लागली. कुंभवलीकडून येणारा, सातवीतला, हिंदी बोलणारा एक मुलगा आत आला. हात मागे बांधून त्याने विचारलं, “मैडम, छूना है या सिर्फ देखना है?” त्याला मी पुस्तक दिलं, घरी ने म्हटलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी पुस्तक माझ्या टेबलावर, वर्तमानपत्रात गुंडाळून, न उघडता. बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. सव्वीस वर्षं मी इतका चोख धाक घातला होता की पुस्तक घरात ठेवून कोणाला झोप येत नव्हती.

शेवटी मी शिक्का आणि चिठ्ठ्याच बंद केल्या. ‘तारीख नाही, वाचून झालं की आणा, नाही झालं तर नका आणू,’ असं फळ्यावर लिहिलं. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, “मॅडम, तब्येत बरी आहे ना?” हळूहळू पुस्तकं परत यायला उशीर व्हायला लागला. मी रोज मोजायचे आणि कमी भरली की खूश व्हायचे.

महिनाअखेरीला दोन हरवली. एक डोंगराकडच्या पाड्यावरल्या मुलीकडे होतं. तिच्या घरचे सगळे वीटभट्टीच्या कामाला गेले आणि पुस्तक त्यांच्याबरोबर. दुसरं दांडीहून आमच्या शाळेत येणाऱ्या एका मुलीचं; तिच्या भावंडांनी ते पाण्यात पाडलं. शनिवारी सकाळी ती रडतच आली. “बाई, वालत घातला व्हता. पन वास जात नाय.” पुस्तक तिने बोंबील वाळतात त्या दोरीवर, बोंबलांच्या ओळीत टांगलं होतं. वाळलं होतं छान, पानं पापडासारखी. वास मात्र असा की मी पिशवीत घातलं तर कोनफळांनाही लागला.

तेच घेऊन मी पालघरला थोरल्या बाईंच्या ग्रंथालयात गेले. हरवली दोन, त्यातलं एक हे, असं सांगून पुस्तक टेबलावर ठेवलं. सगळ्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

“हे बाद करा,” थोरल्या बाई म्हणाल्या. “दुसऱ्या पुस्तकांना लागेल.”

“बाद का? कोळसा घालून डब्यात ठेवा महिनाभर,” सर म्हणाले.

“कोळसा पानाला लागतो,” धाकटी म्हणाली. “आमच्याकडची निम्मी पुस्तकं अशीच वास मारतात, मुलांना काही वाटत नाही.”

“बाद नाही करणार,” मी म्हणाले. “तिने एकशे वीस पानांपर्यंत वाचलंय. उरलेलं कुठून वाचेल?”

“नवी प्रत घ्या.”

“छापत नाहीत आता.”

“मग वाचून झालं की बाद करा. तुम्हाला सव्वीस वर्षांत बाद करायला जमलं नाही, आता तरी शिका.”

“आणि तुम्हाला शेवटच्या पानाशिवाय दुसरं पान दिसत नाही.”

थोरल्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला जे सुनावलं ते अर्धा तास चाललं: बुरशी, वास, कीड, नियम, त्यांच्या नोकरीतला एक प्रसंग आणि माझा हट्टी स्वभाव. मीही सोडलं नाही. मध्ये कोणीतरी चहा आणून ठेवला, तो गार झाला. सर म्हणाले, शेवटची एसटी जाईल. आम्ही दोघींनी एकदमच त्यांना गप्प बसवलं.