गुडघे वाकवणारे आजोबा

दर हिवाळ्यात आम्ही फ्रँकफर्टहून डोंगरातल्या त्याच हॉटेलात जायचो आणि ते जर्मन आजोबा तिथे असायचेच. न्याहारीलासुद्धा स्कीइंगचे जड बूट घालून खाडखाड येत आणि पावाला लोणी लावता लावता अख्ख्या टेबलाला शिकवत, "गुडघे वाकवा! गेनाऊ, अगदी अस्सं!" त्यांना स्वतःला बर्फावर घसरताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. कधी बर्फ ओला असे, कधी वारा वाईट.

एकदा सासूबाई आमच्याबरोबर केबल कारने वर आल्या आणि खालची दरी बघून बाकावर बसल्याच. "मी त्या डब्यात परत पाय ठेवणार नाही."

शेवटची फेरी सुटायला आली होती. "अहो आई, चला ना!" मी रडकुंडीला आले.

शेजारी कॉफी पीत बसलेले आजोबा उठले. सासूबाईंपुढे हात करून जर्मनमध्ये म्हणाले, "मलाही फार भीती वाटते. माझा हात धराल?" मी ते मराठीत सांगितलं, तशा सासूबाई ताडकन उठल्या.

खाली येईपर्यंत आजोबांनी डोळे उघडले नाहीत. सासूबाई त्यांचा हात थोपटत होत्या, "आलंच हं, आलंच."

उतरल्यावर त्या माझ्यावरच उखडल्या, "एवढ्या घाबरट माणसाला एकटं वर पाठवतात होय गं इथे?"