कीबोर्डला कुंकू

माझ्या थोरल्या साडूंइतका नियमांवर जीव लावणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. लोकांना नातवंडांचं कौतुक असतं, यांना परिपत्रकांचं. लखनौच्या आमच्या केंद्र सरकारी ऑफिसात आम्ही दोघेच मराठी. ते अधिकारी, मी कारकून. त्यामुळे घरी ‘साडूभाऊ’ आणि ऑफिसात ‘साहेब’ अशी माझी दिवसभर कसरत चाले. नव्वदच्या दशकात ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्यासोबत तो वापरण्याचे चौदा नियम आले आणि ते सगळ्यांना शिकवायचं काम साडूभाऊंकडे आलं. झालं! त्या दिवसापासून जानकीपुरमच्या त्यांच्या घरी माझी मेव्हणी पाण्याचा तांब्यासुद्धा मिक्सरपासून तीन हात लांब ठेवू लागली.

प्रशिक्षण दर शनिवारी कॉम्प्युटरच्या खोलीत. चपला बाहेर, हात धुऊन पुसून आत. पुढे एकेकाला उभं करून नियम पाठ म्हणून घ्यायचे. मे महिन्यात तर वर्गाला ही गर्दी, कारण अख्ख्या ऑफिसात एसी तेवढ्याच खोलीत होता. साडूभाऊ गहिवरून मला म्हणायचे, “लोकांना शिकायची भूक आहे हो. आपणच कमी पडतो.” मी कशाला खरं सांगतोय?

त्यांचा सर्वात लाडका नियम चौथा: यंत्रापासून तीन हातांच्या आत पाणी, पूड, खाणंपिणं काही न्यायचं नाही. आणि सर्वात नावडता विद्यार्थी म्हणजे आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, तिवारीजी. त्यांच्या तोंडात कायम पान, त्यामुळे प्रश्न विचारला की नुसती मान हलवायचे. साडूभाऊ म्हणत, “तिवारीजी, पान बाहर, आप अंदर.” तिवारीजी शांतपणे बाहेर जात, चुळा भरत, आणि परत येईपर्यंत वर्ग संपलेला असे.

अशा माणसाकडून खंडेनवमीला घोटाळा व्हावा! लहानपणी पाटी-दौत, नोकरीत पेन आणि शिक्का, आपलं हत्यार पुजल्याशिवाय त्यांची एकही खंडेनवमी गेली नव्हती. नवमीची सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी सकाळी ऑफिस भरायच्या आत आम्ही दोघं त्या खोलीत शिरलो. तबक माझ्या हातात. पडद्याला हळदकुंकू वाहून झालं, तेवढ्यावर थांबावं ना! पण “एकीला लावलं आणि दुसरीला नाही, असं कसं?” म्हणत त्यांनी कीबोर्डच्या एकूण एक कळीला कुंकू लावलं आणि वर झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं. दहा वाजता एकही कळ दाबली जाईना.

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते जिरलं. नऊ वर्षं ते साताऱ्याला बदली मागत होते. तिथे त्यांची आई एकटी होती, आणि तिची नजर दिवसेंदिवस जात चालली होती. अर्ज या वेळी सहीपर्यंत पोचला होता. सेवापुस्तकात एक शेरा पडला की बदली वर्षभर मागे.

मोठे साहेब आले, त्यांनी लाल कीबोर्ड पाहिला आणि विचारलं, “ये किसने किया?” मी मान खाली घातली. तेवढ्यात मागून तिवारीजी म्हणाले, “साहब, हमारे पान की पीक है. हमारे नाम लिख दीजिए.” साडूभाऊंची बदली सहीवर अडली आहे, हे साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं.

साडूभाऊ त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, “नहीं तिवारीजी. आपका पान हमेशा बाहर रहा. ये कुंकू है, और मेरा है.” आणि टेबलाशी बसून त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध अहवाल लिहिला. तबक कोणी धरलं होतं, ते मात्र लिहिलं नाही. जाणूनबुजून एवढा एकच नियम त्यांनी मोडला, तो माझ्यासाठी.

चौदावा नियम असा, की चुकणाऱ्याने पुन्हा प्रशिक्षण घ्यावं. साडूभाऊ चपला काढून पहिल्या रांगेत बसले, आणि शिकवायला, ऑफिसात सर्वात जुने म्हणून, तिवारीजी. त्या दिवशी त्यांनी पान खाल्लं नव्हतं. इतका गोड आवाज आहे त्यांचा, हे आम्हाला तेव्हा कळलं. साडूभाऊंनी चौथा नियम उभं राहून, एकही शब्द न चुकवता म्हटला.

बदली वर्षाने झाली. साताऱ्याहून पत्र आलं: ‘आईला सगळं सांगितलं. हसली. म्हणाली, पूजा चुकली नाही ना, मग झालं. आता तिला अजिबात दिसत नाही. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणते, वाळलास रे. गेल्या वर्षी आलो असतो, तर तिने मला पाहिलं असतं.’

पत्र मी तिवारीजींना हिंदीत सांगितलं.  पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या सकाळी ते झेंडूचं एक फूल घेऊन आले, यंत्रापासून तीन हात मोजले आणि तिथल्या स्टुलावर ते ठेवलं.