येळवसेची पाहुणी

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे येळवस. त्या दिवशी लातूर ओस पडतं. दालमिल बंद, क्लास बंद. ज्याला रान आहे तो पूजेला-जेवायला आपल्या रानात, नाही तो कुणाच्या तरी रानात. कस्तुराबाई मात्र सहा वर्षं फ्लॅटातच बसून राहिली. निलंग्याजवळचं रान लेकानं, श्रीमंतानं, विकलं तेव्हापासून. "परक्याच्या रानात जेवाया म्या काय भिकारीन हाय का?" असं म्हणायची.

बाई मोठी खमकी. नवरा गेला त्या साली भावकीनं बजावलं, विधवेनं रानात आंबिल शिंपू नये. हिनं आंबिलीची बिंदगी, ती छोटी घागर, कमरेवर घेतली आणि "ओलगे ओलगे सालम पोलगे" ही येळवसेची आरोळी बेंबीच्या देठापासून ओरडत, ज्वारीवर आंबिल शिंपडत सगळ्या रानाला फेरी मारली. भावकी बघत राहिली, आणि मग मुकाट्यानं जेवायला बसली. गावचा अत्तार, कासार, वाटेनं जाणारा कुणीही तिच्या कोपीत, कडब्याच्या खोपटात, जेवून जाई. धर्म तेव्हाही कुणी विचारत नव्हतं. पण कोपीत पांडव म्हणून मांडलेले पाच दगड पुजल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास जात नव्हता.

श्रीमंत ज्यांच्या क्लासात नोकरीला आहे, त्या अमरनाथ सरांनी यंदा सगळ्यांना येळवसेला बोलावलं. रान तेच! दोन हात बदलून ते सरांकडे आलेलं. आधी कुणाचं होतं हे सरांना ठाऊक नव्हतं आणि श्रीमंतानं लाजेपोटी सांगितलं नव्हतं. घरात मात्र त्याच्या तोंडून निसटलं, आणि म्हातारीनं आंबिल आंबत घातली. तिला एक फेरी हवी होती. बाकी काही नको.

रानात गेल्या गेल्या बॅनर दिसला, 'येळवस, लातूरची शान'. कोप डेकोरेटरनं उभी केलेली, फोटोसाठी तिच्यापुढं रांग. डॉक्टर, नगरसेवक, गॉगलवाल्या बाया, जो तो 'आपली येळवस' म्हणून मिरवत होता. आतल्या पाच दगडांवर कुणीतरी पर्स ठेवली होती.

सर भला माणूस. वाकून पाया पडले. "आजी, गाव कोणतं तुमचं?"

कस्तुराबाईनं तोंड उघडायच्या आत श्रीमंत बोलला, "आमी लातूरचेच सर. गावाकडं आमचं काई न्हाई."

तरी तिनं बिंदगी पुढं केली. "सायेब, रानाला येक फेरी मारू का? आंबिल घरून आनलीया."

"ते सकाळीच उरकलं आजी, व्हिडिओवाले होते तेव्हा. आता पाहुणे बसलेत, अंगावर उडेल. तुम्ही जेवून घ्या आधी." आणि त्यांनी स्वतः तिला ताट वाढून दिलं.

हे रान आमचं होतं, एवढं जरी श्रीमंत म्हणाला असता तरी सरांनी सगळ्या पाहुण्यांना उठवलं असतं. म्हातारीनं लेकाकडं पाहिलं. तो खाली मान घालून भज्जी-भाकरी खात होता. रान विकलं ते तिनं कधीच पोटात घातलं होतं. त्यानं ते नाकारलं, हे तिला गिळवेना.

ती ताट तसंच ठेवून उठली. बिंदगी कमरेवर घेतली आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागली. चाळीस वर्षं तिनं त्या रानातून येळवसेला कुणाला उपाशी जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी ती स्वतःच उपाशी गेली, आणि लेकानं हाक मारली नाही.