महानंदाअक्कांचा कांद्याचा प्रयोग

आमच्या विद्यापीठात सर्वांना सामावून घेण्यासाठी एक सल्लागार समिती आहे. तिचं इतिवृत्त मी लिहितो. खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं फार नसतं. चहा येतो, ‘विचार करू’ असं ठरतं आणि सगळे घरी जातात. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या वतीने तिथे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या महानंदाअक्का बसतात. मूळच्या निपाणीच्या, राहायला चामराजपेटेत. वीस वर्षं बाटल्या सांभाळताहेत. कुणी बाटली जागची हलवली तर प्राध्यापकालाही बोलणी खावी लागतात.

यंदा प्रणीतचा अर्ज आला. मुलगा जन्मांध, हुशार, रसायनशास्त्रच हवं म्हणून हटून बसलेला. विभागप्रमुख चंद्रकांत सर म्हणाले, “आम्ल-अल्कलीचा प्रयोग रंग बदलण्यावर चालतो. याला रंग कसा दिसणार? दुसरा विषय घेऊ दे.” समितीने माना डोलावल्या. आमच्या माना त्यासाठीच असतात.

“सर, स्वल्प थांबा की,” अक्का म्हणाल्या. “माझ्या पोरीच्या धाव्वीच्या पुस्तकात कांद्याचा प्रयोग हाय. अल्कलीत कांद्याचा वास मरतो, आम्ल पडलं की परत येतो. पोराला नाक हाय नव्हं?”

अध्यक्षा कावेरी मॅडम खुदकन हसल्या. “सरी, चालेल. पुढच्या बुधवारी करून दाखवा. जमलं तर प्रवेश.”

अक्कांनी प्लास्टिकच्या सिरिंजच्या दांड्याला ब्लेडने बारीक खाचा पाडल्या. एक खाच आत गेली की अर्धा मिलिलिटर आम्ल बाहेर. दुपारी सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी प्रणीतला प्रत्येक थेंबाला कांद्याचाच वास! मग अक्कांना आठवलं, आत्ताच दोघांनी मिळून डब्यातली कांद्याची चटणी फस्त केली होती. दुसऱ्या दिवसापासून प्रयोग आधी, जेवण नंतर.

बुधवारी अख्खी समिती प्रयोगशाळेत जमली. चंद्रकांत सरांचा इतका अविश्वास, की कांदाही त्यांनी स्वतः चिरला. रंगाने मोजून त्यांचं उत्तर आलं अकरा मिलिलिटर, म्हणजे बावीस खाचा. मग प्रणीत बसला. एक खाच आम्ल, मग अल्कली नि कांद्याचा फ्लास्क हलवायचा, हुंगायचं. पुन्हा एक खाच. तेविसाव्या खाचेला तो ओरडला, “आला!”

“एका खाचेचा फरक. तो डोळस मुलांचाही पडतो,” कावेरी मॅडम म्हणाल्या.

“अंदाजाने जमलं असेल,” म्हणत सरांनी डोळे मिटून स्वतः करून पाहिलं. गाडी तिसाव्या खाचेवर थांबली.

“सर, सर्दी झालीया काय?” अक्कांनी अदबीने विचारलं. सगळे हसले, सर सर्वांत मोठ्याने. मला तर त्या क्षणी आमच्या समितीचा चक्क अभिमान वाटला.

सरांनी कांदा चिरलेल्या हातांनीच तिथे अर्ज ओढून सही केली.

“झाली सही, सर?” प्रणीतने विचारलं.

सरांनी कागद त्याच्या हातात दिला. “वास घेऊन बघ.”

प्रणीतने कागद नाकाशी नेला, आणि नाचायलाच लागला.