जिन्याखालचं घासलेट आणि लायसनचे साहेब

आख्ख्या मुंबईत घासलेटाला एवढा मान देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. देवळात जाताना लोक वहाणा काढतात, हे आमच्या जिन्याखाली येताना बूट काढायचे. मुन्शिपाल्टीचे लायसन इन्स्पेक्टर. राहणार गिरगावात, बोलणं पुस्तकातल्यासारखं, आणि अंगाने असे की छत्री कुठली आणि साहेब कुठले ते लांबून कळू नये. आमची चाळ लालबागची, तिथे त्यांना सगळे घासलेटसाहेब म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. बूट का काढायचे, तर टाचेला लोखंडी नाल आणि खाली दगडाची लादी. "ठिणगी उडते, बाई." मी म्हटलं, साहेब, ह्या लादीवरनं दिवसाला दोनशे माणसं जातात. म्हणाले, "त्यांच्या टाचेला नाल नाही. माझ्या आहे." म्हणजे चाळीत सगळ्यात धोक्याची वस्तू कोण, तर ते स्वतः. मग बूट फाटकाशी, छत्री फाटकाशी, कारण छत्रीलाही खाली लोखंडाचं टोक, आणि साहेब मोजे घालून चिखलातनं माझ्या दुकानात.

दुकान कसलं, जिन्याखालची खोबण ती. मालक गिरणीत होते, खोकून खोकून गेले. मागे मी आणि तीन पोरं. शाळा मी दुसरीपर्यंत, त्यातलं सहीपुरतं राहिलं. मालकांच्या खात्यातल्या माणसांनी खटपट करून मला घासलेट विकायचं लायसन काढून दिलं. दोन डब्यांचं. एक नरसाळं, दोन मापं, बसायला पाट. हात कितीही धुतले तरी भाकरीला घासलेटाचा वास यायचा, पोरं तशीच खायची. त्यांना वाटायचं भाकरीला तसाच वास असतो.

साहेब दर महिन्याला यायचे. आधी फाटकाशी उभं राहून हवा हुंगायची. मग आत येऊन डबे बघायचे, झाकणं बघायची, वाळूची बादली बघायची. ती लाल बादली त्यांनीच ठेवायला लावलेली. आग लागली तर वर वाळू टाकायची. पण चाळीतल्या मांजरांना त्या वाळूचा दुसराच उपयोग कळला. साहेबांनी एकदा वाळूत कोपरापर्यंत हात घातला आणि तसेच थांबले. मी तोंडाला पदर लावला. साहेब नळावर हात धुवून आले, खिशातनं वही काढली आणि बोलत बोलत लिहिलं, "वाळू आहे. बदलावी." माझ्याकडे बघून म्हणाले, "मांजरावर आमच्या खात्याचा अधिकार नाही."

चहा माझ्याकडे कधी घेतला नाही. एकदा मी नाक्यावरच्या हॉटेलातनं मागवला. कप हातात घेऊन विचारतात, "हा कुठे उकळला?" म्हटलं, नाक्यावर. "किती पावलं?" आता चहाची पावलं कोण मोजतं? पण साहेब कप खाली ठेवून मोजत गेले आणि मोजत आले. समाधान झालं तेव्हा प्यायले. थंडगार. "छान आहे," म्हणाले.

फीचे पैसे तर त्यांनी कधी हातात धरले नाहीत. लायसनची फी वर्षाला भरायची. दुसरे इन्स्पेक्टर म्हणायचे, द्या इकडे, मी भरतो. हे म्हणायचे, पैसा खिडकीत. आणि खिडक्या तीन. वॉर्ड हापिसात गेलं की तिथले म्हणायचे, आगीच्या बंबवाल्यांचा कागद आण. बंबवाले म्हणायचे, पोलिसांचा शिक्का आण. पोलीस म्हणायचे, वॉर्डातनं चिठ्ठी आण. मी साहेबांना म्हटलं, मी मरेपर्यंत अशीच फिरू काय? तर म्हणाले, "बाई, हे तीन भाऊ एका घरात राहतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांचे निरोप मी नेतो." आणि खरंच नेले. भर उन्हात, काखेत कागद धरून, तिघांकडे.

त्यांना फक्त एक गोष्ट खुपायची, तो जिना. चाळ तीन मजल्यांची, उतरायला जिना एकच, तोही लाकडाचा, आणि त्याच्याखाली माझं घासलेट. दर वेळी वर बघायचे. "दोन डब्यांपर्यंत कायदा गप्प आहे, म्हणून मी गप्प आहे."

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा गोळीबार. नाक्यावर काही ना काही पेटलेलंच. साहेबांची झोप उडाली असावी. एका दुपारी हळदीकुंकवाला बायका जमलेल्या, तिथे हे हजर. मोजे घालून मध्ये उभे राहिले आणि बायकांना भाषण दिलं. "महाराष्ट्र झालाच पाहिजे. मुंबई मिळालीच पाहिजे. पण ज्या जागेला लायसन नाही त्या जागेत घासलेट साठवता कामा नये." बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनाही वाण दिलं, त्यांनी ते पिशवीत टाकलं.

आता बघा काय झालं. मोठा बंद होणार, दुकानं किती दिवस उघडणार नाहीत कोणाला ठाऊक नाही. जिने तिने मिळेल तिथनं घासलेट भरून आणलं. आणि आणून ठेवलं कुठे? चंद्राक्का शेजारची, ती पहिली आली. काखेत डबा, दोन हातात दोन बाटल्या.

"गो, हे तुझ्याकडे ठेव."

"माझ्याकडे कशाला? घर काय भाड्याने दिलंस?"

"साहेब काय बोलला? लायसन नाही तिथे साठवायचं नाही. चाळीत लायसन कोणाकडे हाय? तुझ्याकडेच ना? मग!"

मला पटलं. खोटं कशाला सांगू, बरं पण वाटलं. चाळीत कोणी मला विचारायचं नाही, आता सगळ्या माझ्या दारात. संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांचं घासलेट माझ्या खोबणीत. ओळखायला प्रत्येकीने बाटलीच्या गळ्याला आपल्या लुगड्याची चिंधी बांधलेली. मी पाट बाहेर काढला, बसायला जागाच उरली नाही.

कर्फ्यू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी चार तास उठवला, तशी माणसं भाजीला पळाली. आणि फाटकातनं कोण येतंय, तर साहेब. गिरगावातनं चालत. दर महिन्याची तपासणी. मी म्हटलं, साहेब, आज? "तारीख आजची आहे," म्हणाले. वाकून आत बघितलं आणि लादीवर बसलेच. 

"बाई, हे काय केलंत?"

"तुम्हीच सांगितलंत ना साहेब. आम्ही तसंच केलं."

त्यांनी जिन्याकडे बघितलं. वरनं चंद्राक्काचा नातू पायऱ्या मोजत उतरत होता. साहेब म्हणाले, "खरं आहे. मी अर्धंच सांगितलं."

मग उठले आणि जिन्याशी उभं राहून एकेका बाटलीची चिंधी वर धरून विचारायला लागले, "हिरवं लुगडं कोणाचं? पिवळ्या काठाचं कोणाचं?" एरवी बाईमाणसाशी मान वर करून न बोलणारा माणूस. बायका हसताहेत, लाजताहेत, चंद्राक्का वरनं ओरडते, "साहेब, माझं किरमिजी! पण धुवायला टाकलंय!" साहेबांनी ठरवलं, घरटी एक बाटली द्यायची, राहिलेलं पाठीमागच्या भिंतीपलीकडे, पडक्या न्हाणीत उघड्यावर. चार तास संपायच्या आत खोबण रिकामी केली. माझे दोन डबेही तिकडेच नेले. सगळं झाल्यावर वही काढली.

मी विचारलं, "लिहिणार?"

"लिहावं लागेल."

"लायसन जाईल."

"जाईल, बाई."

  पोरं तीन होती हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं. जिन्याखाली किती साठा होता ते लिहिलं, आणि खाली स्वतःबद्दल लिहिलं, "ह्या बायकांना चुकीची समज मी स्वतः दिली." सही करून बूट घालायला गेले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर दगडफेक झाली. पोलिसांनी अश्रुधुराचे गोळे सोडले, त्यातला एक फाटकावरनं उडून थेट जिन्याशी आला आणि पहिल्या पायरीला टेकून ठिणग्या उडवत फुसफुसत राहिला. डोळे उघडवेनात. मी चाचपडत लाल बादली उचलली आणि मांजरांच्या प्रसादासकट सगळी वाळू त्याच्यावर ओतली. खाली खोबण रिकामी होती, पण तिन्ही मजल्यांवर माणसं होती. कर्फ्यूत जाणार कुठे?

लायसन गेलं. पाच महिने मी लोकांची धुणीभांडी केली, कॉटन ग्रीनला गोदामात कापूस वेचायला गेले. थोरलीची शाळा तेव्हा सुटली ती सुटलीच. साहेबांची बढती त्या कागदामुळे अडकली असं वॉर्डातला शिपाई म्हणाला. ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. पण पडक्या न्हाणीच्या जागी चार भिंती आणि पत्र्याचं दार करून तिथे नवीन लायसन मिळावं म्हणून अर्ज त्यांनीच लिहिला. परत तीन खिडक्या, परत फी. रांगेत माझ्याबरोबर उभे राहायचे. आपल्याच हापिसात रांगेत! आतले कारकून हाका मारायचे, "अहो, आत या की." हे म्हणायचे, "नंबर आला की येतो."

लायसन मिळालं. त्याच्यावर मी दोन मुली उजवल्या आणि मुलाला कामाला लावला. महाराष्ट्र झाला त्या सुमाराला साहेबांची बदली शीवकडे झाली. शेवटचे आले तेव्हा मी म्हटलं, साहेब, तुमचे उपकार कसे फेडू? ते गोंधळले. म्हणाले, "उपकार कसले? फी भरलीत की तुम्ही." आणि गेले. परत भेट नाही. त्यांच्या जागी आला तो इन्स्पेक्टर फाटकातच सही करायचा. मी म्हणायची, साहेब, आत येऊन बघा तरी. म्हणायचा, कशाला?

आता चाळीत गॅस आला, घासलेट गेलं. नातीला मी ही गोष्ट सांगते. ती ऐकते, ऐकते आणि विचारते, "मग आजी, तो गोळा आला तेव्हा काय झालं?"

मी म्हणते, "काही नाही गो. पायरी काळी पडली."

"बस? एवढंच?"

"एवढंच," मी म्हणते.