पगडी गठाणीत गेली त्या दिवशी

पगडी गठाणीत गेली हे मला कळलं, तेव्हा मुंबईच्या एजंटाची दमणी अमरावतीच्या वेशीत शिरली होती.

"किसन, पगडी कुठाय?"

"कोनाची?"

"माझी! दुसऱ्या कुणाची असणार इथं?"

अख्ख्या कापूसबाजारात पुणेरी पगडी घालणारा मी एकटाच होतो. लोक मला नावानं ओळखत नसत, पगडीनं ओळखत. किसन मिस्त्रीनं विडी न विझवता रचून ठेवलेल्या गठाणींकडं हात केला.

"त्याईत असंल जी. मघाशी तुमी पेटीत उतरले, तवा कडेवर ठेवली होती न? आता कडेवर नाई. म्हन्जे आत गेली."

"कोणत्या गठाणीत?"

"ते मले काय मालूम? पगडी काई आतून वरडून नाई राहिली."

ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या सगळ्या पेढ्यांची तोंडं वऱ्हाडाकडं वळली होती. इथला कापूस उत्तम, पण तो जायचा सैल गाठोड्यांतून. गाडी दिसायला डोंगराएवढी आणि माल मूठभर. वाटेत बैल खायचे, वारा न्यायचा, उरलेल्यात धूळ भरायची. मी अर्ध-प्रेस काढली होती. म्हणजे सागवानी पेटी, वर मुंबईहून आणलेला लोखंडी स्क्रू आणि त्या स्क्रूला चार लांब दांडे. पेटीत कापूस टाकायचा, माणसानं आत उतरून पायांनी तुडवायचा, मग गड्यांनी दांडे धरून गोल फिरायचं. स्क्रू खाली येतो, कापूस दबतो, तरटात शिवून दोरांनी आवळला की झाली गठाण. 

तुडवायचं काम माझं नव्हतं. पण एजंट येणार म्हणून मला हुरूप चढला होता. "असं नाही, असं तुडवा," म्हणून मी स्वतः पेटीत उतरलो. शिकवण्याची हौस ही आम्हा पुण्याच्या लोकांची जुनी खोड आहे, आणि ती पगडी काढून ठेवल्याशिवाय नीट भागत नाही.

आता अडचण अशी. गठाणीत कापसाशिवाय काही निघालं तर मुंबईची पेढी सबंध माल परत करी. लोक वजन वाढवायला आत दगड घालत, माती घालत, एकानं तर खलबत्ता घातला होता. एजंट येऊन मनाला येईल ती गठाण फोडून बघायचा. ही ऑर्डर मिळाली तर प्रेस चालणार होती. नाही मिळाली तर मला पुण्याला परत जायचं होतं. निघायचं ठरलं तेव्हाच वडिलांनी तसं वदवून घेतलं होतं, "पहिली मोठी ऑर्डर हुकली की गाशा गुंडाळायचा आणि खजिन्यात कारकून म्हणून चिकटायचं."

आमच्याकडं माणसाच्या आयुष्याचे टप्पे ठरलेले असत. मुंज, लग्न, सरकारी खुर्ची, मुलगा, पेन्शन. मी मुंजीनंतर थेट वऱ्हाडात उतरलो. पुण्याच्या मानानं तो परमुलूखच. निजामाचा मुलूख, इंग्रजांचा अंमल आणि जेवणात तिखट असं की पहिले काही दिवस मी कुणाशी बोलूच शकलो नाही. लग्न ठरलं होतं, पण "परमुलखात जाऊन कापूस दाबणाऱ्याला" मुलगी द्यायला मुलीचे वडील तयार होईनात. माझे स्वतःचे टप्पे म्हणाल तर असे: पेटी उभी राहिली, स्क्रू आला, पहिली गठाण बांधली, ती सुटली, पुन्हा बांधली. आईला कळवावं असं यात काही नव्हतं, तरी मी कळवत असे.

"मी म्हन्तो फेटा बांधा," किसन म्हणाला. "माह्यापाशी हाये. धुतलेला हाये."

"मी? फेटा?"

"कावून, डोक्शाले टोचते काय?"

मी पुण्याचा. फेटा बांधायचा तो शेतकऱ्यानं किंवा सरदारानं, आणि मी दोन्ही नव्हतो. मी तसाच बोडका बाहेर आलो. त्यात सकाळीच, एजंट यायचा म्हणून, न्हाव्याकडून डोकं तुळतुळीत करून घेतलं होतं. उन्हात ते चांगलंच चमकत असणार.

प्रेसच्या शेजारी सारजाबाईचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू पिकवायची आणि बाजारात बसायची. डोक्यावर टोपली घेऊन ती कुंपणापाशी आली, मला पाहिलं आणि टोपली खाली ठेवली.

"माय वं! बोडकं डोक्शं! बाप गेला काय जी?"

मी "छे छे" म्हणणार, तेवढ्यात एजंटाच्या दमणीचे बैल दारात थांबले. हरजीवनदास खाली उतरले. गोल, गोरे, अंगात पांढरा शुभ्र अंगरखा. त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं, सारजाबाईच्या तोंडाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काय झालं?"

खरं सांगायचं तर गठाणीतली पगडी सांगावी लागणार. मागून किसन म्हणाला, "बाप गेले जी त्याईचे. पुन्याले."

किसनला कुणीच विचारलं नव्हतं.

हरजीवनदासांनी माझा हात हातात घेतला. "अरेरे! आणि तरी तुम्ही कामावर? आता गठाणी काय फोडायच्या! अशा वेळी माणसावर विश्वास ठेवावा."

मला इतकं हायसं वाटलं की माझ्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं. ते दाबायला मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी रडतोय. ते माझ्या पाठीवरून हात फिरवू लागले.

तोवर सारजाबाईनं बाजारात बातमी पोचवली होती. अमरावतीच्या लोकांना त्या दिवसांत कापसाच्या भावापेक्षा वेगानं पसरणारी एकच गोष्ट मिळाली, माझ्या वडिलांचं मरण. आडते आले, दलाल आले, रेच्यावर सरकी काढणाऱ्या बाया आल्या. सगळे येऊन पेटीभोवती शांत बसले. वऱ्हाडात मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. सारजाबाई भाकरी आणि झुणक्याचं टोपलं घेऊनच परत आली. माझे गडी सकाळपासून दांडे ओढून भुकेले होते. कडू घास त्यांनी असा चेपून खाल्ला की मलाच ओशाळं वाटलं. किसननं तर कांदा मागितला.

"कसे होते जी तुमचे बाप?" सारजाबाईनं विचारलं.

आता काहीतरी बोलणं भाग होतं. मी सुरुवात केली ती नाटक म्हणूनच. म्हटलं, कडक होते. चुकलं की बोलत नसत, नुसते बघत. मी निघालो त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. पण पहाटे उठून माझी शिदोरी त्यांनी स्वतः बांधली. त्यांना गाठ मारता येत नव्हती, तरी आईला हात लावू दिला नाही. ती गाठ नाशकाच्या पुढं सुटली आणि दशम्या सगळ्या गाडीत सांडल्या.

खोटं काही नव्हतं त्यात. त्यांची इतकी आठवण आली की मी त्या सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडलो. सारजाबाई रडली, दोन दलाल रडले. किसनही डोळे पुसत होता, पण त्याचं कारण कांदा असू शकेल.

हरजीवनदासांनी नाक शिंकरलं आणि उठले. "बरं, मी निघतो. अकोल्याला जातो."

"म्हणजे? ऑर्डर?"

"भाई, पहिला सौदा आणि सुतकात? आमच्या पेढीत असं चालत नाही. तुमचे तेरा दिवस व्हायचे, तोवर माल तर मला पाठवायलाच हवा. अकोल्यात मोर्णेच्या काठी एकानं प्रेस उभी केलीय म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका."

पगडी लपवण्यासाठी मी बाप मारला होता आणि आता त्या मेलेल्या बापानं ऑर्डर नेली. मी हरजीवनदासांच्या मागं दमणीपर्यंत धावलो. "वडिलांना मनापासून आवडलं असतं, कामच करत राहिलो तर," वगैरे बोलू लागलो. तेवढ्यात रस्त्यावरून एक बैलगाडी आली आणि दमणीला आडवी थांबली. आधी काठी खाली आली, मग पाय, मग लाल पुणेरी पगडी.

माझे वडील होते. भुसावळपर्यंत आगगाडी, पुढं सगळा रस्ता बैलगाडीनं आले होते, न कळवता. खजिन्यात जागा रिकामी झाली होती आणि मला हाताला धरून न्यायला ते निघाले होते.

त्यांनी माझं बोडकं डोकं पाहिलं, मागं बसलेली माणसं पाहिली, रडून लाल झालेली सारजाबाई पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"कोण गेलं रे?"

किसन पुढं झाला. हात जोडून अदबीनं म्हणाला, "तुमीच जी."

पुढचा गोंधळ मी सविस्तर सांगत नाही. एक दलाल कुंपणावरून उडी मारून पळाला. सारजाबाईनं वडिलांच्या पायांकडं निरखून पाहिलं, ते सुलट आहेत म्हणाली आणि त्यांच्या अंगावर हळूच एक झेंडूचं फूल टाकून पाहिलं. फूल खाली पडलं. "जितेच हायेत," तिनं निकाल दिला.

हरजीवनदास मात्र हलले नव्हते. त्यांचा आवाज आता व्यापाऱ्याचा झाला होता. "वडील जिवंत. मग पगडी का नाही?"

"गठाणीत आहे," मी म्हटलं. आता लपवायला उरलंच काय होतं!

"कोणत्या?"

"माहीत नाही."

"फोडा."

पहिल्या गठाणीत नव्हती. दुसरीतही नव्हती, किसनची विडी निघाली. त्यानं ती खिशात घातली. तिसरीचा दोर तोडला तसा कापूस फुगत वर आला आणि मध्यातून काहीतरी लाल दिसलं. मी ओढून काढलं. पापड झाला होता पगडीचा. कोकी, चोच, घेर, काही शिल्लक नाही, सगळं एका जाडीचं. ताटात वाढता आली असती.

वडिलांनी डोळे मिटून घेतले. मी पुण्याच्या खजिन्यातली खुर्ची डोळ्यांसमोर आणली आणि तिच्यावर बसूनही पाहिलं.

हरजीवनदासांनी पगडी हातात घेतली. वाकवून पाहिली, वाकेना. गुडघ्यावर आपटून पाहिली. मग वडिलांपुढं जाऊन विचारलं, "काका, तुमची जरा हात लावून बघू?"

वडिलांना तोवर काहीच विचित्र वाटेनासं झालं होतं. त्यांनी मान पुढं केली. हरजीवनदासांनी पगडीवर टिचकी मारली. लाकडी ठोकळ्यासारखा टक् आवाज आला. त्यांनी दोन्ही हातांनी दाबली. पगडी तसूभरही दबली नाही, वडील मात्र जरा खाली बसले.

"अशीच होती? इतकी टणक?"

"एकाच कारागिराची," मी म्हटलं.

"अहो, मुंबईत आमचा मालक रोज ओरडतो. वऱ्हाडची गठाण सैल, वऱ्हाडची गठाण उशीसारखी. आणि तुम्ही पुणेरी पगडी सपाट केलीत!" ते किसनकडं वळले. "अजून किती दाबू शकतो स्क्रू?"

"गडी जेवले असले तर लय दाबते जी," किसन म्हणाला.

आणि गडी त्या दिवशी पोटभर जेवले होतेच.

ऑर्डर आम्हाला मिळाली. सगळ्या गठाणी स्वखर्चानं फोडून पुन्हा बांधायच्या आणि पेटीजवळ विडी, पगडी, शिक्षण काहीही आणायचं नाही, या अटीवर. सपाट पगडी हरजीवनदास मालकाला दाखवायला घेऊन गेले. सँपल म्हणून.

वडील चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नुसते बघत. पण सारजाबाई त्यांच्याशी बोलली. भाजी द्यायला आली की ओट्यावर बसायची आणि मी त्या दिवशी काय काय सांगून रडलो ते पुन्हा पुन्हा सांगायची. दशम्यांची गोष्ट तर तिनं इतकी खुलवली की त्यात नाशिकजवळ वाघ आला. वडील एकदाही "पुरे" म्हणाले नाहीत. खजिन्यातल्या जागेचा विषय मीही काढला नाही, त्यांनीही नाही.

बातमी मात्र त्यांच्या मरणाची पोचली तेवढी जगण्याची पोचली नव्हती. अचलपूरहून, बाळापूरहून लोक समाचाराला येतच राहिले. मी प्रेसवर असलो की वडीलच त्यांना बसवत, पाणी देत. एकदा मी दुपारचा जेवायला आलो, तर बाळापूरचे एक म्हातारे आडते ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसलेले. दारातून मला ऐकू आलं.

"लय वाईट झालं जी. तुमी कोन त्याईचे?"

वडिलांनी तांब्या पुढं केला.

"मी इथल्या प्रेसवाल्याचा बाप," ते म्हणाले.

"आं? मंग गेले ते कोन?"

"तेही मीच. तुम्ही पाणी घ्या."

मी जेवायला आत न जाता परत प्रेसवर गेलो आणि त्या दुपारी स्वतः दांड्याला हात लावला. धंदा सुरू करणाऱ्यांना माझा सल्ला विचाराल तर एवढाच आहे: माल तपासायला कुणी येणार असेल, त्या दिवशी मालकानं लांब, सावलीत बसून राहावं.