उतरलेली विमानं

शेजारच्या कुलकर्णीकाकांच्या काचेच्या कपाटात महायुद्धातली जर्मन लढाऊ विमानं आहेत. धातूची, तळहातावर मावतील एवढी. काल काका मऊ ब्रशनं त्यांच्यावरची धूळ झटकत होते. पंखांवरचे रिव्हेटसुद्धा स्पष्ट दिसत होते. इतकं देखणं यंत्र माणसं मारायला घडवलं होतं, हे ठाऊक असूनही माझी नजर हटेना.

अशी विमानं विकत घेतली की ती उडती दाखवायला खोक्यात स्टँडही येतो. काकांनी तो कधीच लावलेला नाही. सगळी विमानं चाकांवर उभी.

"उडती का नाही ठेवत, काका?" मी विचारलं.

त्यांनी कॉकपिटमधल्या इवल्याशा वैमानिकाकडे बोट दाखवलं.

"हा वर गेला की कुणाचं तरी घर रडणार. आणि याचीही आई वाट बघत असणारच की. माझ्या कपाटात सगळे सुखरूप उतरलेत."